पंखा बंद करा

उदगीरच्या मोंढ्यात, बाजार समितीच्या मागच्या खोलीत
एप्रिल महिन्यात
मी आधी हेच सांगतो : पंखा बंद करा.
वाऱ्यानं पारडं हलतं.
मग अडते रुमालानं मान पुसत उभे राहतात,
तोलाईवाले एकमेकांना डोळे मारतात
आणि पितळी काटा
कुणाचीच घाई नसल्यासारखा
मधोमध येतो. येतो म्हणजे
येतो, आणि जरा पुढं जातो.

माझ्या खात्याचं नाव वैधमापन शास्त्र.
नाव एवढं मोठं, सामान एक लाकडी पेटी,
आत मखमली खळग्यांत पितळी वजनं.
त्यांना हात लावायचा नाही.

मैनोद्दीन काटे दुरुस्त करतो. बापही करायचा,
निजामाच्या शेर-छटाकापासून.
झिजलेल्या वजनाच्या पोटात शिसं ओततो,
मी त्यावर वर्षाचा शिक्का मारतो.
एकदा शिसं निवायची वाट बघत म्हणाला,
साहेब, ये किलो तुम्हारी पेटी से मिलाया.
तुमची पेटी कशाशी?
लातूरच्या पेटीशी.
लातूरची?
तिच्या वरच्या. तीही तिच्या वरच्या.
और सबसे ऊपर?

सांगितलं : समुद्रापार एका तळघरात, काचेच्या हंड्यांखाली
धातूचा एक ठोकळा होता.
शंभराहून जास्त वर्षं जग त्याचं ऐकत होतं.
मग दिसलं, त्याच्यात नि त्याच्या भावंडांत
फरक पडलाय, केसाहूनही बारीक.
तो झिजला की भावंडं फुगली
हे सांगायला तिसरं कुणी नव्हतं.
आता ठोकळा सोडला. आता एक आकडा आहे,
विश्वाच्या हाडातच कोरलेला, असं म्हणतात.
मैनोद्दीननं आकडा विचारला नाही.
वो यहाँ तक आता कैसे?
पेटीतून, म्हणालो.
तो हसला. तोवर शिसं निवलं होतं.

कोंडाबाई चौबाऱ्याजवळ चिंच विकते.
अर्ध्या किलोला एक काळा दगड, सासूच्या हातचा,
तळवा बसतो तिथं काचेसारखा गुळगुळीत.
जप्त केला. शिक्का नाही तो गुन्हा,
वजन काहीही भरो.
कामून नेलालाव सायेब? त्यानं कुणाचं खाल्लं?

पंखा बंद केला. तोलला.
दुसऱ्या पारड्यात पाचशे. पुरेना.
दहाचं ठेवलं. मग दोनचं.
पारडी बदलून पुन्हा : पाचशे बारा.
म्हणजे इतकी वर्षं गाव
दर अर्ध्या किलोला बारा ग्रॅम जास्त खात होतं
आणि दर बाजारी कुणीतरी म्हणायचंच,
मावशे, नीट घाल.

पंचनाम्यात रकाना आहे : तूट.
वाढीला रकाना नाही.
तुटीपुढं उणे बारा लिहिलं. खोडलं.

तिला सांगितलं. ती जरा वेळ गप्प.
मग माझं तेवढं माघारी द्यायला कोण येणार?
राग नव्हता. एसटी कधी आहे
असं विचारावं, तसं विचारलं.

पुढच्या बाजारी लांबून पाहिलं.
मैनोद्दीनकडचं शिक्क्याचं वजन, लोखंडी, नवंकोरं.
काटा थरथरला, थांबला. बरोबर.
ती त्याच्याकडं बघत राहिली,
पाहुण्यानं आपलंच नाव चुकीचं सांगावं तशी.
मग चार बोटुकं वर टाकली.

दगड अजून कपाटात आहे, चिठ्ठी बांधून.
कधी संध्याकाळी काढतो, चिमट्याशिवाय.
तळवा नेमका बसतो. माझाही.
परवा पुन्हा पारड्यात ठेवला :
पाचशे बारा, आणि वर काहीतरी.
माझा घाम असेल.
पुसून ठेवला, मागं सरकलो,
श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेतला,
काटा मधोमध यायलाच लागला होता
तेवढ्यात शिपाई आत आला.
मरताव की सायेब उकाड्यानं, म्हणाला,
आणि पंखा लावला.